कर्जाला विमा होता, तरी कोर्टाचं समन्स आलं

हरिपूरची:
मिरची कांडपाच्या डंकासाठी आमच्या ह्यांनी एका फायनान्स कंपनीकडून 2 लाख घेतले. विम्याचे 9,400 कापूनच पैसे हातात दिले, स्टेटमेंटला तशी ओळ आहे. मागच्या वर्षी हे गेले. विम्यातून कर्ज फिटायला हवं, तर सहकर्जदार म्हणून माझ्यावरच सगळ्या रकमेचा दावा! आता काय करू?

मिरजकर:
ताई, आधी समन्स वाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 चा समरी, म्हणजे झटपट निकालाचा दावा असेल तर 10 दिवसांत हजेरी नोंदवावीच लागते. साधा असेल तर कैफियतीला, म्हणजे लेखी उत्तराला 30 दिवस.

कृष्णाकाठ:
क्लेम टाकलाय ना? पॉलिसीची प्रत लेखी मागा. वकील परवडत नसेल तर सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना उत्पन्नाची अट नाही.

हरिपूरची:
समरीच आहे. क्लेमचा अर्ज शाखेत दिलाय, शिक्क्याची पोच आहे. उद्याच जाते विजयनगरला.

मिरजकर:
समरीत थेट कैफियत चालत नाही. हजेरीनंतर जजमेंटसाठीचं समन्स येईल, तेव्हापासून 10 दिवसांत शपथपत्रावर बचावाची परवानगी मागायची. त्याला स्टेटमेंट आणि ती पोच जोडा. मूळ पोच कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.