मॅच कळत नसली तरी जा

'अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, भाचा तर फक्त कॉलेजच्या बँडमध्ये. एवढं तिकीट काढून जावं का?' असं कुणीतरी विचारलंय. जा! आम्ही याच कारणासाठी अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या गावी, गेलो होतो. पुतणी तेव्हा तिथल्या मार्चिंग बँडमध्ये (मैदानावर कवायत करत वाजवणारा बँड) क्लॅरिनेट वाजवायची.

स्टेडियम बाहेरून बुटकंच दिसतं, कारण बरंचसं जमिनीत खोदलेलं आहे. आत शिरल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, ही तर विहीर!" विहिरीत माणसं मात्र लाखावर (आसनक्षमता १,०७,६०१).

खेळाचं एवढं पुरे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. बाकी शेजारचे ओरडले की आपणही ओरडायचं. ६० मिनिटांची म्हणतात ती मॅच साडेतीन तास चालते आणि नोव्हेंबरात ते अ‍ॅल्युमिनियमचं बाकडं म्हणजे बर्फाची लादी. बुडाखाली घ्यायला जाड काहीतरी न्याच.

बँडसाठी जाताय तर मॅचच्या बरंच आधी जागेवर बसा. बँडची पोरं बोगद्यातून धावत मैदानात येतात ते बघण्यासारखं असतं, आणि ड्रम मेजर, म्हणजे बँडचा म्होरक्या, मागे वाकून डोकं पार जमिनीला टेकवतो. मध्यंतराच्या वीस मिनिटांत तर अजिबात उठू नका. आमचे हे नेमके तेव्हाच हॉटडॉगच्या रांगेत!

एकसारख्या गणवेशातली ती शेकडो पोरं, दुर्बिणीतूनही आमची कुठली ते कळेना. जाऊबाईंनी दुर्बिणीशिवायच बोट दाखवलं, "ती बघा, डावा खांदा पाडून चालतेय."