पॉपर, कून आणि परळचे गिनीपिग: रविवारच्या भाषणासाठी मदत हवी

शिवडीकर:
नमस्कार. परळच्या एका रुग्णालयात 31 वर्षं लॅब टेक्निशियन होतो, आता निवृत्त. लालबागच्या आमच्या वाचनकट्ट्यावर येत्या रविवारी विज्ञान पुढे कसं सरकतं यावर अर्धा तास बोलायचंय. दोन महिने कार्ल पॉपर आणि थॉमस कून हे विज्ञानाचे तत्त्वज्ञ वाचतोय.

पॉपर लगेच भिडला. 1919च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइनने सांगितला तेवढा वाकलेला दिसला, तेव्हा पॉपर व्हिएन्नातला 17 वर्षांचा पोरगा. त्याला भावली ती त्यातली जोखीम. मोजमाप उलटं आलं असतं तर आइन्स्टाइनचा सिद्धांत बाद झाला असता. ज्या विधानाला खोटं ठरायची वाटच नाही ते विज्ञान नव्हे, असं तो पुढे म्हणाला. आम्ही लॅबमध्ये रोज कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना लावायचो, तो चुकला की सगळ्या बॅचचे रिपोर्ट थांबवायचो. त्यामुळे हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

अडलोय कूनपाशी. त्याचं 1962चं म्हणणं असं की शास्त्रज्ञ एका मान्य चौकटीत काम करत असतात. न जुळणारं काही दिसलं तरी चौकट लगेच टाकत नाहीत. विसंगती साठत जातात आणि मग कधीतरी चौकटच बदलते. पण त्याची उदाहरणं कोपर्निकस, लव्हाझिए अशी. कट्ट्यावर येणारे गिरणीतून, बेस्टमधून, म्युनिसिपालटीतून निवृत्त झालेले. त्यांना इथलं काहीतरी सांगायचंय. मनात 1896चा प्लेग आहे. आमची पणजी मांडवीत त्यातच गेली. ही गोष्ट पॉपरच्या बाजूची की कूनच्या?

प्रयोगवही:
काका, प्लेगच घ्या. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यर्सिन या संशोधकाला प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये 1894 सालीच सापडला होता. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतला ताप प्लेगचा आहे हे ओळखलं ते 1896च्या सप्टेंबरात. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे जंतू ठाऊक, लसही हाताशी. पण जंतू माणसात शिरतो कसा? तिथे सगळ्यांच्या डोक्यात घाण, ओल आणि कोंदट हवाच होती. म्हणून गटारं धुतली, भिंतींना चुना फासला, लोकांचं सामान जाळलं. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याने दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, तो समुद्राचा वारा आत यावा म्हणून. त्या रस्त्यावरून आपण अजून जातो. जंतू सापडून गेल्यावरही जुन्या समजुतीने शहराचा नकाशा बदलला, हे मला फार मोठं वाटतं.

त्याच 1898मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर काम करत होता. काही रोग्यांच्या पायावर बारीक फोड दिसायचे, ते पिसू चावल्याचे असावेत असं त्याला वाटलं. त्याने काचेच्या भांड्यात पिसवांसकट आजारी उंदीर ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर वर टांगला. दोघांचा स्पर्श नाही. तरी दुसराही प्लेगने मेला. प्रयोग छापून आला, पण सरकारच्या प्लेग आयोगाने तो मानला नाही.

मान्यता मिळाली ती तुमच्या परळमधून. लिस्टन आणि इतर संशोधकांनी 1905नंतर तिथल्या प्लेगच्या प्रयोगशाळेत शेकडो गिनीपिगांवर काम केलं. पिसवा नसतील तर आजारी नि निरोगी जनावरं एकत्र राहूनही लागण होईना. पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या पिंजऱ्यातली वाचली, खालची मेली. हवा दोघांना तीच! पिसवा अडकाव्यात म्हणून भोवती चिकट कागद पसरला तरी आतली जनावरं वाचली.

प्रयोग पॉपरच्या मनासारखा आणि मधली आठ-दहा वर्षं कूनची, असं मी म्हणेन.

अर्धविराम:
थोडी असहमती. कूनच्या अर्थाने ही क्रांती नव्हे. रोग जंतूंमुळे होतो ही मोठी चौकट प्रयोगशाळेतल्या लोकांनी आधीच स्वीकारली होती, जंतूची वाट तेवढी शोधायची होती. त्याला कून 'नेहमीचं विज्ञान' म्हणतो, कोडं सोडवण्याचं काम. शिवाय 1897च्या ऑगस्टमध्येच रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला होता. कीटक रोग वाहून नेतो ही कल्पना त्या काळात अशक्य कोटीतली राहिली नव्हती.

सिमाँचं का ऐकलं नाही, यासाठी कूनपेक्षा लुडविक फ्लेक जवळचा वाटतो. हा तेव्हाच्या पोलंडमधल्या ल्वूफ शहराचा डॉक्टर, जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेतला, म्हणजे तुमच्याच पेशातला. 1935 साली त्याने सिफिलिसच्या रक्तचाचणीवरून दाखवलं की 'तथ्य' एकट्याला सापडत नाही, एकत्र काम करणाऱ्यांच्या गटात ते हळूहळू घट्ट होतं. गटाला जे बघायची सवय असते तेच आधी दिसतं. कूनने त्याचं ऋण मान्य केलंय.

शिवडीकर:
फ्लेकचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. नवीन मुलगा लॅबमध्ये आला की सूक्ष्मदर्शकात त्याला आधी नुसते रंगाचे डाग दिसायचे. महिनाभर शेजारी बसवून दाखवलं की त्याच स्लाइडवर जंतू दिसू लागायचे. मला वाटायचं, नजर तयार झाली. ती आमच्यासारखी झाली होती, हे आता कळतंय.

ताई, एक शंका. 1994च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली, तेव्हा लोकलमध्ये निम्मा डबा तोंडाला रुमाल बांधून. कट्ट्यावरचे हे हमखास काढतील. मग हवेचं म्हणणं अगदीच चूक होतं का?

प्रयोगवही:
चूक नव्हतं, पण ते वेगळ्या प्रकारच्या प्लेगचं. जंतू फुप्फुसात शिरला की खोकल्याच्या तुषारांतून तो थेट दुसऱ्या माणसाला लागतो, आणि सुरतेत भीती त्याचीच होती. 1896 साली मुंबईत मुख्यतः गाठीचा प्लेग होता. जांघेत, काखेत गाठी येतात तो. परळचे पिंजरे त्या प्लेगबद्दल बोलतात. रविवारी हा फरक आधीच सांगा आणि फळ्यावर दोन पिंजरे काढा, एक खाली, एक वर.