सोसायटीच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप: लिनक्स टाकायचं की विंडोज ११ रेटायचं?

पेंग्विनप्रेमी, गोरेगाव
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी आपल्याकडच्या सोसायट्यांच्या ऑफिसांत अजून तोच लॅपटॉप रखडतोय: पाचव्या पिढीचा आय३ नाहीतर आय५, ४ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क. कमिटीत दोनच सूर. 'चालतंय ना, चालू द्या' किंवा 'नवीन घ्या'. माझं मत, विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट २२ सिस्टीम टाका, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. फुकट, आणि अपडेट एप्रिल २०२९ पर्यंत.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रूफस या प्रोग्रामने त्यावर आयएसओ (मिंटची इन्स्टॉल फाइल) लिहा, सुरू करताना बूट मेन्यूत तो निवडा (डेल-लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९). लगेच इन्स्टॉल करू नका. लाइव्ह मोडमध्येच (पेनड्राइव्हवरून चालवून) वायफाय, आवाज, प्रिंटर तपासून घ्या. ब्रॉडकॉमची चिप असेल तर वायफाय बहुधा दिसणार नाही. तेव्हा अँड्रॉइड फोन यूएसबी टेदरिंगवर जोडा आणि इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर उतरवा.

नोटिसा, मेल, बँकेची साइट, मेंटेनन्सची शीट. एवढ्यासाठी विंडोज कशाला?

टॅलीवाले काका, परळ
यादीतून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, सोयीस्कर गाळलीत! ऑडिटर टॅलीचाच डेटा मागतो आणि टॅली आहे विंडोजची. 'वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) चालते' म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये स्वतः ऑफिसात येऊन बसावं.

आणि प्रिंटर? अर्ध्या मुंबईच्या टेबलांवर कॅनन एलबीपी २९०० आहे. विंडोजवर तो अजून निमूट छापतो. लिनक्सवर त्याला कॅननचा जुना कॅप्ट ड्रायव्हर लागतो, त्याला ३२ बिट लायब्रऱ्या लागतात, आणि मागे सीसीपीडी नावाची सेवा चालू राहावी लागते. ती झोपली की प्रिंट रांगेत अडकते, एररसुद्धा येत नाही. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेची नोटीस लावायची आहे आणि सेक्रेटरी टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून सेवा उठवत बसलेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

त्यापेक्षा विंडोज १० साठीची मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा-अपडेट योजना घ्या. मशीन विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर हवं, मग विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्ज क्लाउडवर सिंक केल्या तर फुकट, नाहीतर १,००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत निवांत. फक्त मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, ते सोसायटीच्या मेलवर काढा. सेक्रेटरींच्या खासगी मेलवर काढलंत तर कमिटी बदलली की पासवर्डसाठी त्यांच्या मागे फिरा.

ग्रँटरोडचा
दोघंही चुकीच्या टोकाला धरताय. ती फिरती डिस्क आहे तोवर कुठलीही सिस्टीम टाका, रडणारच. आधी अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी वेगवान डिस्क), ७ मिमी जाडीची, २५६ जीबी पुरे. मग रॅम ८ जीबी. या पिढीला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. लॅमिंग्टन रोडवर नुसतं 'डीडीआर३' म्हणालात तर १.५ व्होल्टची हातात पडेल आणि लॅपटॉप सुरूच होणार नाही. जुनी पट्टी सोबत न्या. (पत्ता विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. भडकमकर मार्ग म्हटलं की टॅक्सीवाला आपल्याकडेच बघत बसतो.)

त्यावर विंडोज ११. रूफस आयएसओ लिहिताना विचारतो, टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूटची अट काढू का? खूण करा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असाव्या लागतात. त्या पाचव्या पिढीत आहेत, कोअर टू ड्युओत नाहीत, तिथे हे विसरा.

पेंग्विनप्रेमी, गोरेगाव
@ग्रँटरोडचा, पुढचं सांगा ना. अशा मशीनला मोठी वार्षिक आवृत्ती आपोआप मिळत नाही, दर वेळी नवा आयएसओ आणून वर चढवावा लागतो. विंडोज ११ होम-प्रोच्या प्रत्येक आवृत्तीचं आयुष्य २४ महिने. शिवाय मायक्रोसॉफ्टने लिहूनच ठेवलंय की अपात्र मशीनचा अपडेटवर हक्क नाही. आज येतात, उद्या थांबले तर दाद कुणाकडे मागणार? आणि काका, तुमची निवांत मुदत वर्षाचीच.

प्रिंटरचा मुद्दा मान्य. २९०० असेल तर मी स्वतः मिंट सुचवणार नाही. एचपी असेल तर बरं. १०२० किंवा पी१००७ ला एचपी-प्लगिन एकदा चालवावं लागतं, कारण त्यांचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) प्रिंटरमध्ये नसतं, दर वेळी संगणक ते पाठवतो.

अक्षरजुळणी, दादर
टॅली, प्रिंटर सगळं बोललात, जुन्या सभावृत्तांचं काय? ती श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएम या जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत आहेत. फॉन्टची टीटीएफ फाइल टाकली तर लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखा फुकट प्रोग्राम) बहुतेक वेळा वाचता येतील. पण त्याच फॉन्टमध्ये पुढे टाइप करायचं तर कीबोर्डचं इंजिन विंडोजचं, काहींना तर परवान्याचं यूएसबी डोंगल.

'युनिकोडमध्ये बदला' म्हणणं सोपं आहे. या फॉन्टांत अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं. कन्व्हर्टरने ही अदलाबदल नीट केली नाही की 'कार्यालय'चं 'कायार्लय' होतं आणि 'वार्षिक'चं 'वािषर्क'. मग फाइलमध्ये 'वार्षिक' शोधलंत की सापडत नाही, आणि ठराव झालाच नव्हता यावर कमिटीत वाद.

म्हणून जुनं बदलूच नका. विंडोज पुसण्याआधी, मूळ फॉन्ट असलेल्या मशीनवरच, सगळी सभावृत्तं पीडीएफ करून ठेवा. नवीन लेखन युनिकोडमध्ये. मिंटमध्ये कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक दोन्ही आहेत, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

टॅलीवाले काका, परळ
हे पटलं. पण टॅलीवर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

पेंग्विनप्रेमी, गोरेगाव
कारण उत्तर नाही. टॅली त्याच लॅपटॉपवर असेल तर विंडोज ठेवा. हिशेब बाहेरचा अकाउंटंट त्याच्या मशीनवर करत असेल, आणि बऱ्याच ठिकाणी तो तसाच करतो, तर माझं म्हणणं कायम.

ग्रँटरोडचा
मग भांडण कशावर आहे? एसएसडी घालताना जुनी हार्डडिस्क फॉरमॅट करू नका. तारीख लिहून कपाटात ठेवा, विंडोज, टॅली, फॉन्ट सगळ्यासकट. नव्या एसएसडीवर महिनाभर मिंट चालवा. जमलं नाही तर मागचे स्क्रू काढायचे, जुनी डिस्क परत लावायची, दहा मिनिटांचं काम. फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बूट मोड बदललात तर आधीचा कुठला होता ते त्याच कागदावर लिहा. लेगसी या जुन्या मोडवर बसवलेलं विंडोज यूईएफआय या नव्या मोडवर उठत नाही, आणि लोकांना वाटतं डिस्कच गेली.

टॅलीवाले काका, परळ
आणि डिस्क काढण्याआधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर. कपाटातली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे.