पार्किन्सन : पाणी पिताना ठसका लागतो, काय करावे?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन आहे. पोळी-भाजी ते सावकाश खातात. पाणी किंवा चहा पिताना मात्र हमखास ठसका लागतो आणि नंतर आवाज ओलसर, घरघरता येतो. पाणी दाट करणारी पावडर सुरू करावी का?

उत्तर १ : तपासणीआधी सुरू करू नये, असे मला ठामपणे वाटते. पातळ द्रव घशात वेगाने उतरतो आणि या आजारात श्वासमार्ग वेळेवर बंद होत नाही, म्हणून पाण्याचाच त्रास आधी जाणवतो. काही रुग्णांच्या बाबतीत ठसका न लागताही पाणी फुफ्फुसात जाते, त्यामुळे ठसका थांबला म्हणजे धोका टळला असे समजता येत नाही. न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने स्पीच थेरपिस्टकडून (ते गिळण्याच्या त्रासावरही उपचार करतात) व्हिडिओफ्लुरोस्कोपी, म्हणजे गिळतानाचे एक्स-रे चित्रण, किंवा घशाची दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. दाटपणा किती हवा, हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे त्यांना उपयोगी आहे का, हे त्यातूनच ठरते. दाट पाणी आवडत नाही म्हणून अनेक रुग्ण पाणी पिणेच कमी करतात, हाही धोका आहेच.

उत्तर २ : लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाचा परिणाम चालू असताना जेवण दिल्यास आमच्या आईंना गिळणे सोपे जाते. ताकभातासारखे घन-द्रव मिश्रण त्यांना सर्वांत अवघड जाते.

उत्तर ३ : सरळ बसवून भरवावे, जेवणानंतरही अर्धा तास आडवे होऊ देऊ नये आणि तोंड रोज नीट स्वच्छ करावे, कारण तोंडातील जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. ताप किंवा धाप दिसताच डॉक्टरांना दाखवावे.