छोट्या गाडीमागे बाईक नेली आहे का? अनुभव लिहा

काल टेक्सासमधल्या आय-35 हायवेवर एका छोट्या एसयूव्हीमागचा ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलताना दिसला आणि माझे तळहात घामेजले. डॅलसहून ऑस्टिनला जुनी रेबेल 500 आणली तेव्हा आमचंही तसंच झालं होतं. टोयोटा राव4 गाडी, मित्राचा उघडा ट्रेलर, शेजारी बायको. बाईक 185 किलोची, गाडीची ओढायची मर्यादा 1500 पौंड, तेव्हा वजनाची काळजी नव्हती. चुकली ती जागा. पुढे चाक अडकवायला काही नव्हतं म्हणून बाईक मागच्या फळीला टेकवून बांधली, आणि हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या जागेवर, भारच उरला नाही. ट्रेलर आणि बाईक मिळून जे वजन होतं त्याचा 10 ते 15 टक्के भार हिचवर हवा, हे नंतर कळलं. वेकोच्या अलीकडे उतारावर, वेग ताशी 65 मैल, आणि मागचा ट्रेलर आमची गाडी हलवायला लागला. पाय ब्रेककडे जातो. दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, वेग उतरला तसं झुलणं थांबलं. बायको तासभर बोलली नाही. फसलेले अनुभव आधी लिहा.

—

आमच्याकडे कुठला ट्रेलर, दोरी! सुरूर फाट्याच्या अलीकडे भावाच्या पल्सरची चेन तुटली. काकांच्या ब्रेझाला टोचन केलं. हँडलला गाठ मारलेली. स्पीडब्रेकरला काका हळू झाले, दोरी सैल पडली, परत निघाले तसा हिसका बसून हँडलच वळलं. कॉलरबोन मोडलं त्याचं. कुकर झाला, नंतर लिहिते

—

बाप रे. आता बराय ना भाऊ?

—

ताई, दुचाकीला टोचन करूच नका, गाठ मारून तर नाहीच. पडताना दोरी सुटत नाही, माणूस फरफटतो. माझं गॅरेज आहे, अशा गाड्या आणि अशी पोरं दोन्ही येतात. छोटा हत्ती बोलवा. पुढचं चाक केबिनच्या बाजूला टेकवा, पट्टे हँडलच्या रबरी मुठींना न लावता खाली टी ला (पुढचे शॉकअप जोडणारी पट्टी) लावा, दोन्हीकडून सारखे ओढा, शॉकअप निम्मा दबला पाहिजे. साईड स्टँड वर, गाडी पहिल्या गिअरमध्ये. नायलॉनची दोरी असेल तर ती ताणते, 10-15 किलोमीटरवर उतरून परत आवळा.

—

वेकोच्या अलीकडे म्हणजे वेस्ट गाव! तिथले ते फळं भरलेले चेक गोड पाव, कोलाचे, खाल्ले का??

—

हो, तिथेच थांबलो. बाईक दीड फूट पुढे सरकवली आणि मग दोघांनी खाल्ले. जर्दाळूचे. पुढे घरापर्यंत 55 च्या वर गेलो नाही.

—

सॉसेजवाल्याला तिथले लोक क्लोबासनिक म्हणतात, कोलाचे म्हटलं की दुरुस्त करतात 🙂 आम्ही दर दिवाळीला डॅलसला जाताना डझनभर घेतो

—

हिचवरचा भार मोजायला बाथरूमचा वजनकाटा चालतो. बाईक बांधून झाली की ट्रेलरचं तोंड हिचच्या उंचीवर लाकडाच्या तुकड्यावर टेकवा, खाली काटा. चाकं अडवून ठेवा फक्त. आणि सेफ्टी चेन खालून एकमेकींवर फुली करून लावा, तोंड निसटलं तरी त्यात झेलतं.

—

भाऊ बराय आता, चौकशीबद्दल थँक्यू. दीड महिना पट्टा होता. काका मात्र अजून त्या रस्त्याने जाताना फाट्यावर गाडी बाजूला घेतात, पाणी पितात, मग निघतात. आम्ही कोणी काही विचारत नाही.