मदत हवी आहे : ट्रोडॅट स्कॅन करावा की एफडीजी पेट?

गुहागरला राहणाऱ्या माझ्या वडिलांच्या (वय ६८) उजव्या हाताला कंप आहे, सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडतात आणि अलीकडे ते तोल जाऊन मागच्या मागे पडतात. एमआरआयमध्ये ठळक दोष नाही. लेव्होडोपा या पार्किन्सनवरील औषधाची मात्रा वाढवूनही फरक जेमतेमच. हा पार्किन्सन की पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, पार्किन्सनसारखाच दिसणारा वेगळा मेंदूविकार), या शंकेपोटी डॉक्टरांनी ट्रोडॅट किंवा एफडीजी पेट (मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे दाखवणारा), यांपैकी एक स्कॅन सुचवला आहे. ट्रोडॅटमध्ये मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या वाहकांची घट कळते, परंतु ती दोन्ही आजारांत आढळते. मग त्यावर खर्च का करावा, हे उमगत नाही. वडिलांना मधुमेह आहे आणि मुंबईची खेप एकदाच झेपेल. एफडीजी पेटने हा भेद पुरेसा स्पष्ट होतो का, आणि त्याआधी साखरेच्या व लेव्होडोपाच्या गोळ्यांबाबत, ज्यांच्या घरी हा स्कॅन झाला आहे त्यांना, काय सूचना मिळाल्या होत्या?