किंग्ज इंडियन: जी५ झालं, पण जी४ निघतच नाही

काळा_उंट (प्रश्न)

बुद्धिबळातल्या किंग्ज इंडियन या काळ्याच्या ओपनिंगच्या क्लासिकल प्रकाराबद्दल विचारायचं आहे. (घो = घोडा, उं = उंट, ह = हत्ती, नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची चाल; x = मारणं, ०-० = किल्लेबंदी, '११...' म्हणजे काळ्याची ११वी चाल.)

१.डी४ घो-एफ६ २.सी४ जी६ ३.घो-सी३ उं-जी७ ४.ई४ डी६ ५.घो-एफ३ ०-० ६.उं-ई२ ई५ ७.०-० घो-सी६ ८.डी५ घो-ई७ ९.घो-ई१ घो-डी७

इथपर्यंतच्या चाली पाठ आहेत. पुढे काळ्याने एफ५, एफ४, जी५ करत राजावर चालून जायचं, हेही वाचलं आहे. पण जी५पर्यंत गाडी येते आणि अडते. जी४ ढकललं की प्यादं नुसतंच जातं, नाही ढकललं तर पांढरा सी५ करून सी पट्टीवरून (सी घरांच्या उभ्या रांगेतून) आत घुसतो. एफ४ नेमकं केव्हा करायचं? आणि जी४च्या आधी कुठला मोहरा कुठे हवा? चालींची यादी नको, त्यामागचं कारण हवंय.

साखळी_तोड

आधी प्याद्यांकडे बघा. पांढऱ्याची साखळी (एकमेकांना राखणारी तिरकी प्यादी) ई४-डी५, तिचं तोंड वजिराच्या बाजूला. काळ्याची सी७-डी६-ई५, तिचं तोंड राजाच्या बाजूला. ज्या बाजूला तोंड, तिकडे जागा जास्त, म्हणून खेळायचंही तिकडेच. घाव मात्र समोरच्याच्या साखळीच्या मुळावर. पांढऱ्याचं सी५ डी६ला ठोकतं, काळ्याचं एफ५ ई४ला. मधून कुणालाच वाट नाही, म्हणूनच काळ्याला स्वतःच्या राजासमोरची प्यादी उधळणं परवडतं. हीच प्यादी उघड्या सेंटरमध्ये ढकलली तर दहा चालींत कारभार आटोपेल.

आता एफ४. पांढऱ्याचं एफ३ झाल्याशिवाय एफ४ करू नका. या एका नियमावर अर्धी ओपनिंग उभी आहे. उदाहरण: १०.घो-डी३ एफ५ ११.उं-डी२. इथे ११...एफ४ दिसायला झकास, पण लगेच १२.उं-जी४! काळ्याचा घोडा डी७वर बसलाय, त्यामुळे जी४वर त्याची नजर नाही आणि सी८च्या उंटाची वाटही त्यानेच अडवली आहे. पांढऱ्याचा ई२चा उंट एरवी सी४, डी५, ई४ या आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेला, डावभर रडणारा मोहरा. तो आता ई६ला जाऊन बसतो किंवा तुमच्या सी८च्या उंटाशी बदली मागतो. पांढऱ्याला याहून फायद्याचा सौदा नाही.

म्हणून ११...घो-एफ६. ई४वर दाब आला की १२.एफ३ करावंच लागतं. ई२ ते जी४ हा तिरका रस्ता पांढऱ्याने स्वतःच बंद केला, आता १२...एफ४ बिनधास्त. १०.उं-ई३ एफ५ ११.एफ३ मध्ये प्रश्नच नाही, तिथे ११...एफ४ उंटाला हाकलत येतं, म्हणजे एक टेम्पो (एका चालीचा वेळ) फुकटात.

आणि एफxई४ मारायची खोड असेल तर सोडा. ई४ हे घर पांढऱ्याच्या घोड्याला आंदण दिल्यासारखं होतं आणि हल्ल्याचा जोर तिथेच संपतो.

एच५_एच४

वरच्याशी सहमत. प्रश्नाचा दुसरा भाग मी घेतो.

१२...एफ४ १३.सी५ जी५ नंतर पांढरा जी४ कशाने धरतो ते मोजा: एफ३चं प्यादं, एच३चं प्यादं, डी३वरून एफ२ला आलेला घोडा, आणि एफ३च्या मागे दबा धरून बसलेला ई२चा उंट. चार. तुमच्याकडे? एच५चं प्यादं, एफ६चा घोडा, सी८चा उंट. तीन. चौथा जी७वरचा हत्ती, पण जी६वर घोडा असेल तर हत्तीची पट्टी त्यानेच बंद केलेली असते. घोडा एच४ला गेला की हत्ती मोजणीत धरा. बरेच जण हाच घोडा जी६वर विसरतात आणि मग 'प्यादं नुसतंच गेलं' अशी तक्रार करतात.

म्हणून मांडणी अशी: घो-जी६, ह-एफ७, उं-एफ८, ह-जी७, एच५, घो-एच४. पांढरा काय करतो ते बघून क्रम हलेल, पण प्रत्येक चाल दोन कामं करते. एफ७चा हत्ती सातव्या ओळीतून सी७ राखतो आणि तिथूनच जी७ला सरकतो. उंट एफ८वर गेल्याने हत्तीला घर मिळतं आणि डी६ला राखण मिळते. नाहीतरी जी७वर तो ई५मागे निरुद्योगीच होता.

पांढऱ्याने सीxडी६ मारलं की सीxडी६नेच मारा, मोहऱ्याने नको. पुढे वजीर सी२ला आणि घोडा बी५ला आला की सी७वर धोका असतो. तेव्हा एफ६चा घोडा ई८ला न्यावा लागतो. तो ई८वर असेपर्यंत जी४च्या हिशोबात धरायचा नाही, हे ध्यानात ठेवा.

सी८च्या उंटाला 'अजून बाहेर काढला नाही' म्हणून हलवू नका. तो तिथूनच लढतो. जी४ला टेकू, एच३वर बलिदानाची शक्यता आणि ई६ची राखण, तिन्ही त्याच्याकडे. पांढरा घोडा बी५-सी७-ई६ अशी पायपीट करतो ती या उंटासाठीच. त्याची बदली झाली की हल्ल्यातलं निम्मं विष उतरतं.

घोडा_कोपऱ्यात

हे सगळं एका डावात बघायचं तर पिकेट (पांढरा)-कास्पारोव (काळा), टिलबर्ग स्पर्धा १९८९. १०.उं-ई३ एफ५ ११.एफ३ एफ४ १२.उं-एफ२ जी५ १३.बी४ घो-एफ६ १४.सी५ घो-जी६. पांढऱ्याचा घोडा १९व्या चालीला बी५ आणि २०व्या चालीला सी७ला पोचतो, ए८चा हत्ती मारात. कास्पारोव हत्तीकडे ढुंकूनही बघत नाही: १९...जी४, २०...जी३! २१.घोxए८ घो-एच५. पांढऱ्याने हत्ती कमावला खरा, पण त्याचा घोडा ए८च्या कोपऱ्यात आणि राजा एकटा. शेवटची चाल तर घरी पटावर लावून बघा: २८...घो-एच१! एफ२चा हत्ती ए७च्या वजिरामुळे राजाशी जखडलेला, घोड्याचाही त्याच्यावरच मारा, आणि राजाने घोडा मारला तर वजीर एफ२वर. तिथेच पांढऱ्याने डाव सोडला.

जी४ ढकलताना प्यादं जातंय का एवढंच बघू नका. प्यादं दिलं तरी पट्टी उघडते का, हे बघा.

काळा_उंट

एफ३-एफ४चं कारण आता लख्ख कळलं. एक उपप्रश्न: १३.सी५ ला डीxसी५ मारून टाकलं तर सी पट्टीचा त्रासच संपेल ना?

साखळी_तोड

नाही, वाढेल. डी६ गेलं की साखळीचं मूळ तुम्हीच उपटलं आणि ई५ निराधार झालं. शिवाय १४.घोxसी५. तो घोडा तिथून बी७ही बघतो आणि ई६ही. सी५ला उत्तर देऊ नका, जी५ करा.

इंजिनवाला

थोडं पाणी ओततो. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम, या प्रकारात पांढऱ्यालाच वरचढ मानतं. समोरासमोर पटावर मात्र एक चाल चुकली तर पांढऱ्याला मात होते, काळ्याला बहुतेकदा फक्त प्यादं गमवावं लागतं. म्हणून काळ्याने बदल्या टाळाव्यात. वजीर पटावरून गेले की पांढऱ्याचं सी पट्टीचं काम निवांत चालू राहतं आणि काळ्याकडे करण्यासारखं काही उरत नाही.

आणि ९.बी४ची वेगळी तयारी ठेवा. १९९०च्या दशकात रशियन ग्रँडमास्टर क्रॅमनिकने ती चाल पुन्हा धारदार केली. तिथे पांढऱ्याचा घोडा एफ३वरच असतो, म्हणून ९...घो-एच५ करून एफ४ची धमकी देता येते. १०.ह-ई१ का, तर घोडा एफ४ला आला तर ई२च्या उंटाला एफ१ घर मिळावं. १०...एफ५ ११.घो-जी५ झालं की एच५चा घोडा ई२च्या उंटाच्या माऱ्यात येतो, म्हणून ११...घो-एफ६. पांढऱ्याचा घोडा आता ई६वर डोळा ठेवून आहे. तिथे वरची ह-एफ७, उं-एफ८ची मांडणी डोळे मिटून चालवू नका. ९.घो-डी२ आलं तर मात्र सोपं आहे: आधी ९...ए५, म्हणजे बी४ला एक-दोन चाली उशीर होतो.